टायमर लॉकचा डबा : चार महिने वापरून झाल्यावर

माझा धंदा कुलूप-किल्लीचा. पुण्यात बोहरी आळीजवळ सहा बाय आठचा गाळा आहे, वडिलांनी घेतलेला. एकतीस वर्षं मी तिथं बसतो. त्यामुळे हा डबा घरात आला तेव्हा आधी धंद्याच्या नजरेनं बघितला आणि बापाच्या नजरेनं नंतर. दोन्ही नजरांना जे दिसलं ते लिहितो. ज्यांच्या घरात दहावी-बारावीचं पोर आणि मोबाईल दोन्ही आहेत, त्यांनी पैसे घालायच्या आधी वाचावं.

वस्तू अशी आहे. जाड पारदर्शक प्लास्टिकचा डबा, दोन किलो साखर बसेल एवढा. वर पांढरं झाकण, झाकणात गोल बटण आणि आकडे दिसायला छोटी काच. बटण फिरवून वेळ लावायची, एक मिनिटापासून दहा दिवसांपर्यंत कितीही, आणि दाबायचं. पाचपासून उलटे आकडे मोजले जातात, तेवढ्यात पुन्हा दाबलं तर रद्द. एकदा लागला की वेळ संपेपर्यंत उघडत नाही. किल्ली नाही, नंबर नाही. वेळ झाली की 'टिंग' असा आवाज होतो आणि झाकण सुटतं. दोन पेन्सिल सेलवर चालतो. तपकीर गल्लीत एका दुकानात १,४५० रुपयांना मिळाला, सेल वेगळे घ्यावे लागले.

आत काय आहे ते सांगतो, कारण दुकानदार सांगत नाही. झाकणाच्या पोटात बारीक मोटर आहे, ती दोन खिट्ट्या बाहेर ढकलते आणि त्या डब्याच्या काठाखालच्या खाचेत बसतात. खिट्ट्या प्लास्टिकच्या. या किमतीत पितळेच्या द्यायला हव्या होत्या. सेल मधेच संपले तर खिट्ट्या आत येत नाहीत, डबा बंदच राहतो. ही मोठी खोट आहे, पुढं सांगतो काय झालं ते.

घ्यायचं कारण धाकटा. बारावी सायन्सला आहे. रात्री एकला पाणी प्यायला उठलो की पांघरुणाखाली निळा उजेड. समजावून झालं, ओरडून झालं. एकदा फोन गाळ्यावर घेऊन गेलो, तर नेमका त्या दुपारी प्रॅक्टिकलची वेळ बदलल्याचा कॉलेजचा निरोप आला आणि त्याला तो मिळालाच नाही. मग म्हटलं, रात्रीपुरतं कुलूप लावू. आपला धंदाच तो आहे.

आम्ही रास्ता पेठेत राहतो, ख्रिस्ती घर आहे. रात्री जेवायच्या आधी सगळे मिळून प्रभूची प्रार्थना म्हणतो. त्यात 'आम्हांला परीक्षेत आणू नको' अशी ओळ आहे. परीक्षा म्हणजे तिथं कसोटी, मोह. या वर्षी ती ओळ आली की पोरगा डोळे उघडून माझ्याकडे बघायचा, कारण त्याच्या डोक्यात फेब्रुवारीतली बोर्डाची परीक्षा. मीही त्याच्याकडेच बघत असायचो. माझ्या डोक्यात फोन.

आणि दर रविवारी उपासनेच्या आधी मी संडे स्कूलची मोठी पोरं घेतो, नऊ ते तेरा वयाची. सप्टेंबरात आम्ही बायबलातलं पहिलं पुस्तक, उत्पत्ती, सुरू केलं. डबा घरात आला आणि आदाम-हव्वेची एदेन बाग वर्गात आली, दोन्ही एकाच आठवड्यात. त्यामुळे या दोन गोष्टी मला आता वेगळ्या करून सांगता येत नाहीत. ज्यांना नुसती डब्याची माहिती हवी होती त्यांना ती वर मिळाली. पण डबा उपयोगी आहे का, हे मला त्या बागेतून गेल्याशिवाय सांगता येणार नाही.

पहिले पंधरा दिवस डब्यानं काम चोख केलं. रात्री दहाला पोरगा स्वतः फोन आत ठेवायचा, मी आठ तास लावायचो, सकाळी सहाला टिंग. झोप सुधारली, चेहरा सुधारला. शेजारच्या दोघांनी डबा बघायला मागितला. मग एकदा मी पावणेसहाला उठलो आणि बाहेरच्या खोलीत आलो तर पोरगा डब्यासमोर पाट घेऊन बसलेला. मांडीवर केमिस्ट्रीची वही उघडी आणि नजर काचेतल्या आकड्यांवर. दहा मिनिटं मी दारात उभा होतो, त्यानं वहीचं पान उलटलं नाही.

त्याच सुमाराला आमच्या हिनं एक नियम वाढवला. दहाला डबा लागतो ते ठीक, पण संध्याकाळी सातनंतर फोनला हातसुद्धा लावायचा नाही. तिचा हेतू चांगला होता. पण शास्त्रात, म्हणजे बायबलात, नेमकं हेच झालेलं आहे, आणि इतकी वर्षं शिकवूनही माझ्या ते लक्षात आलं नव्हतं. देवानं आदामाला सांगितलं होतं, बऱ्यावाइटाचं ज्ञान देणाऱ्या त्या झाडाचं फळ खाऊ नको. तेव्हा स्त्री निर्माणही झाली नव्हती, म्हणजे तिला ही आज्ञा कोणाकडून तरी ऐकूनच कळली असणार. पुढच्या अध्यायात सर्प तिला विचारतो तेव्हा ती सांगते, खाऊ नका आणि स्पर्शही करू नका, नाहीतर मराल. 'स्पर्श' हा शब्द देवाचा नव्हे. तो मधे कुठंतरी वाढला. यहुदी धर्मगुरूंच्या जुन्या भाष्यात यावर एक गोष्ट आहे, ती आमच्या पाळकसाहेबांनी मला सांगितली. सर्पानं म्हणे तिला त्या झाडावर ढकललं. हात लागला, काहीच झालं नाही. मग तो म्हणाला, बघ, स्पर्शानं मेली नाहीस, खाऊनही मरणार नाहीस. मूळ गोष्टीपेक्षा कुंपण उंच करू नका, ते झाडावरच पडेल, असं तिथं म्हटलं आहे.

आमच्या घरी कुंपण पडलं ते असं. ऑक्टोबरच्या शेवटी एका सकाळी साडेसहा वाजले तरी टिंग नाही. काच काळी, आकडे गेलेले. सेल संपले होते. मी म्हटलं थांब, काढून देतो. पोरगा म्हणाला, "राहू दे पप्पा, मी कॉलेजला जाऊन येतो, संध्याकाळी बघू." मला तेव्हाच खटकायला हवं होतं. रोज पहाटे आकड्यांवर डोळा लावून बसणारा पोरगा, आणि आज घाई नाही. मी हॅकसॉचं जुनं ब्लेड आणलं, काठाखालून सरकवलं, एक खिट्टी दाबली, मग दुसरी. चाळीसेक सेकंद लागले असतील. झाकण उचललं. आत त्याचा फोन नव्हता. थोरलीचा लग्नाआधीचा बंद पडलेला फोन होता, त्यावर याचं काळं कव्हर चढवलेलं. पारदर्शक डब्यातून दोन्ही सारखेच दिसतात. नऊ दिवस चाललं होतं हे.

मी ओरडलो. खूप ओरडलो. तो मान खाली घालून उभा होता. सगळं ऐकून घेतलं आणि मग दोनच वाक्यं बोलला. पहिलं, "पप्पा, तुम्हाला हा चाळीस सेकंदांत उघडता येत होता." आणि थोड्या वेळानं, "मला डब्याला हरवायचं होतं. तुम्हाला नाही."

दुसरं वाक्य मी दिवसभर गाळ्यावर घेऊन बसलो होतो. गिऱ्हाईकाच्या किल्लीला कानस मारताना दात चुकला, अख्खी किल्ली वाया गेली. पोराचं खरं होतं. पहिल्या दिवशी मी त्याला म्हटलं होतं, 'रात्री फोन नको, बाळा'. ते माझं आणि त्याचं बोलणं होतं. डबा आल्यावर मी बोलणंच सोडलं. त्याच्यासमोर बाप उरला नाही, दोन प्लास्टिकच्या खिट्ट्या उरल्या. खिट्टीशी कोणी प्रामाणिक कशाला राहील?

त्या रविवारी वर्गात उत्पत्तीचा तिसरा अध्याय होता. पोरांनी चित्रं काढली. सगळ्यांनी सफरचंदच काढलं. शास्त्रात सफरचंद कुठंही नाही, नुसतं 'फळ' आहे. लॅटिनमध्ये सफरचंद आणि वाईट हे दोन शब्द जवळजवळ एकसारखे, त्यातून सफरचंदाची समजूत पक्की झाली असं सांगतात. एका मुलानं सीताफळ काढलं होतं, मी त्याला शाबासकी दिली. मग दहा वर्षांची एक मुलगी, जी सहसा बोलत नाही, तिनं विचारलं, "अंकल, देवानं त्या झाडाला कुंपण का नाही घातलं?"

मला उत्तर आलं नाही. कुलुपं विकणाऱ्या माणसाला हा प्रश्न आजवर स्वतःला पडला नव्हता, याचं मला वाईट वाटलं.

दुपारी घरी येऊन मी दुसरा आणि तिसरा अध्याय पुन्हा वाचला, या वेळी धंद्याच्या नजरेनं. कुठं कडी आहे, कुठं कोयंडा आहे, पहारा कुठं आहे, एवढंच शोधत. आमच्या आईकडं तिच्या आईची शास्त्राची एक प्रत आहे. आजी केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनात वाढली. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं शास्त्र मराठीत आणलं. बाई १९२२ साली गेल्या आणि पूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला. त्याचे छपाईचे खिळे तिथल्या बायकांनीच जुळवले होते. आजीच्या प्रतीची पानं आता हाताला पिठासारखी लागतात, म्हणून ती उघडून नुसती शेजारी ठेवली आणि वाचलं रोजच्या शास्त्रातून.

बागेत कुलूप नाही. झाड लपवलेलं नाही. घरात गोड वस्तू पोरांपासून लांब ठेवायची तर आपण माळ्यावर ठेवतो. स्त्रीच्या तोंडी तर ते झाड बागेच्या मध्यभागी आहे. जाता-येता दिसणार. देवानं त्याच्याभोवती एकच गोष्ट ठेवली, शब्द. आणि त्या शब्दाची सुरुवातही 'नको'पासून नाही. आधी परवानगी आहे. आमच्या मराठी शास्त्रात तिथं 'यथेच्छ' असा शब्द आहे. बागेतल्या हव्या त्या झाडाचं फळ यथेच्छ खा. इच्छा त्या शब्दातच बसलेली आहे. पाळकसाहेबांना फोन करून विचारलं, हिब्रूत काय आहे. ते म्हणाले, हिब्रूत तिथं क्रियापद दोनदा येतं, 'खाऊन खाशील' असं काहीतरी, आणि पुढच्या वाक्यात तसंच 'मरून मरशील'. म्हणजे मोकळीक जितक्या जोरात दिली, इशारा तितक्याच जोरात दिला. एक झाड सोडून सगळी बाग. आणि मी पोराला दिलेलं वाक्य आठवलं तर त्यात 'यथेच्छ' कुठंच नव्हतं. कधी बघ, किती बघ, काय बघ याबद्दल मी अवाक्षर काढलं नव्हतं. नुसतं 'नको'.

पहारा सापडला, पण अगदी शेवटी. तिसऱ्या अध्यायाच्या चोविसाव्या वचनात करूब, म्हणजे पंखवाले स्वर्गीय पहारेकरी, उभे राहतात आणि गरगर फिरणारी ज्वालारूप तलवार येते. तेव्हा सगळं होऊन गेलेलं असतं, आणि पहारा या झाडाला नाहीच, तो दुसऱ्या झाडाला आहे, जीवनाच्या झाडाला. देवाला पहारा ठेवता येत होता. ज्या झाडाशी आज्ञेचा संबंध होता तिथं त्यानं तो ठेवला नाही. हे मी संध्याकाळी हिला वाचून दाखवलं. ती भाजी निवडत होती, तिचे हात थांबले.

मुलाला सांगितलं तेव्हा त्यानं मला अडवलं. बारावीचा पोरगा, अडवणारच. "पण पप्पा, ते झाडच बऱ्यावाइटाचं ज्ञान देणारं. खायच्या आधी त्यांना बरं-वाईट कळतच नव्हतं. मग न ऐकणं वाईट आहे हे त्यांना कसं कळणार? शिक्षा कशाची?" हा प्रश्न लहान नाही, मोठमोठे लोक त्यावर थबकलेत. दुसऱ्या शतकात ल्योंचा इरेनियस म्हणून बिशप होता, तो म्हणायचा की आदाम-हव्वा म्हणजे लहान लेकरंच, वाढायची होती अजून. मला हे पटतं. तू दीड वर्षाचा असताना प्लगच्या भोकात बोट घालायला जायचास, मी त्याला सांगितलं. वीज काय, मरण काय, तुला काही ठाऊक नव्हतं. पण तुझी आई 'नको' म्हणाली की तू बोट थांबवून तिच्या तोंडाकडे बघायचास. ते ज्ञान नव्हतं, तुझा तिच्यावरचा भरवसा होता. सर्पानं घाव घातला तो तिथंच. फळ गोड आहे असं तो कुठं म्हणतच नाही. देव तुमच्यापासून काहीतरी राखून ठेवतोय, एवढंच तो सुचवतो. तुमचे डोळे उघडतील, तुम्ही देवासारखे व्हाल, हे त्याला माहीत आहे. आधी भरवसा गेला, मग हात गेला.

त्याचं पूर्ण समाधान झालं नाही. "भरवसा तोडणं वाईट, हे तरी त्यांना कुठं माहीत होतं," असं तो म्हणाला. मी त्याला गप्प केलं नाही. दोन महिन्यांत आम्ही पहिल्यांदा इतका वेळ बोलत होतो.

आता डब्याची दुसरी चाचणी. ही मी स्वतःवर केली. मला साखर आहे, सात वर्षं गोळ्या चालू आहेत. कॅम्पातून आणलेली श्रुजबेरी बिस्किटं पाव किलो डब्यात घातली, तीन दिवस लावले. खरं सांगतो, तीन दिवस अजिबात त्रास झाला नाही. मन तिकडं गेलंच नाही, कारण मिळणारच नाही हे माहीत होतं. मला वाटलं, बघा, जिंकलो. तिसऱ्या दिवशी दुपारी टिंग झालं, झाकण सुटलं आणि मी उभ्या उभ्या सहा बिस्किटं खाल्ली. लोण्याचा वास नाकात, बोटांना भुगा, सातवं हातात. तीन दिवसांत डब्यानं बिस्किटं सांभाळली होती. मला सांभाळायचं काम कोणी केलंच नव्हतं.

आफ्रिकेतला संत ऑगस्टिन सोळा वर्षांचा असताना मित्रांबरोबर रात्री शेजारच्या झाडाची नासपती चोरायला गेला होता. भूक नव्हती, घरी याहून चांगली फळं होती. चोरली आणि बरीचशी डुकरांपुढं टाकली. म्हातारपणाकडं झुकेपर्यंत त्याला ती नासपती विसरता आली नाही, कारण त्याला गोडी फळाची नव्हती, मनाई मोडण्याची होती. सोळा वर्षांचा पोरगा. मी हे आमच्या पोराला सांगितलं नाही, मनातच ठेवलं.

नोव्हेंबरात डबा मी संडे स्कूलला नेला. त्यात नानकटाया घालून पाच मिनिटं लावली, आणि शेजारी उघड्या ताटलीत चौदा नानकटाया ठेवल्या. सांगितलं, उपासना झाली की सगळ्यांना मिळतील, तोवर ताटलीतल्या घेऊ नका. आणि हजेरीची वही आणायला खरोखरच बाहेर गेलो. परत आलो तर ताटलीत बारा. डबा शाबूत. पोरं भिंतीकडे बघत होती. मी आवाज चढवला नाही, कारण या वेळी माझ्या डोक्यात ते वचन होतं. सगळं ठाऊक असूनही देव बागेत येऊन पहिल्यांदा काय म्हणतो? तू कोठे आहेस? आधी विचारतो.

म्हणून मी नुसतं विचारलं, कुठं गेल्या दोन? एका मुलानं हात वर केला आणि त्याच श्वासात शेजारच्या मुलीकडं बोट केलं, "हिनं मला दिली." ती म्हणाली, "हा म्हणाला, अंकल मोजत नसतात." तिसऱ्याकडं बोट. शास्त्रात आदाम म्हणतो, तू मला दिलेल्या स्त्रीनं मला फळ दिलं, म्हणजे दोष एका दमात बायकोलाही आणि देवालाही. स्त्री म्हणते, सर्पानं भुरळ घातली. मी हे वाचून दाखवलं तेव्हा वर्गात एकही पोर हसलं नाही. ज्यानं हात वर केला होता त्याच्या ओठाला अजून भुगा होता. नंतर मी डबा दाखवला आणि विचारलं, डब्यातल्या नानकटाया कोणी खाल्ल्या नाहीत, त्याबद्दल कोणाला शाबासकी द्यायची? कुंपणाचा प्रश्न विचारणारी ती मुलगी म्हणाली, "डब्याला." मग ताटलीकडं बघून, "आणि तिथं बारा जणांनी नाही घेतली."

दोन जणांचा विषय अर्धा तास चालला होता आणि मी त्या बारा जणांकडं बघितलंच नव्हतं.

कपड्यांचं सांगायचं राहिलं, ते मला फार महत्त्वाचं वाटतं. फळ खाल्ल्यावर ती दोघं अंजिराची पानं जोडून कंबरेला लावतात. सासवडकडं अंजिराच्या बागा आहेत, ज्यानं तिथं काम केलंय त्याला विचारा. पान खरखरीत असतं आणि चीक कातडीला लागला की आग होते, खाज सुटते. लपण्यासाठी त्यांनी अंगाला ते लावलं. आणि बागेबाहेर काढायच्या आधी देव त्यांच्यासाठी चामड्याचे कपडे करून त्यांना घालतो. शिक्षा झाली ती झालीच, ती मागं घेतली नाही. पण त्या पानांत तसंच नाही पाठवलं. ऑक्टोबरातल्या त्या सकाळी मी ओरडून गाळ्यावर निघून गेलो होतो, आणि पोरगा दिवसभर ती पानं गुंडाळून कॉलेजात बसला होता.

आमच्या घरी आता असं आहे. फोनसाठी कुलूप नाही. फ्रिजवर एक स्टीलचं पातेलं आहे, उघडं. आधी आम्ही तिघांनी बसून ठरवलं, 'यथेच्छ' कधी ते: कॉलेजहून आल्यावर तासभर, जेवणानंतर अर्धा तास, रविवारी दुपारी हवा तेवढा, आणि त्या वेळात कोणी डोकावायचं नाही. सातनंतर हात न लावायचा नियम हिनं स्वतः काढला. दहाला फोन पातेल्यात. माझाही. पातेल्यात फोन ठेवला की 'ठण्' आवाज होतो, तो आतल्या खोलीत ऐकू येतो. आठवड्यातून पाच-सहा रात्री आवाज येतो. एखाद्या रात्री येत नाही. सकाळी मी विचारतो आणि तो खरं सांगतो. परवा साडेबारापर्यंत मॅच बघितली म्हणाला. पहिल्या पंधरा दिवसांत डब्याचा हिशेब शंभर टक्के होता, इथं तसा नाही. झोप तेव्हा जास्त होत होती, हेही खरं आहे, आणि बोर्डाची परीक्षा तोंडावर आहे. माझ्या बहिणीला मी वेडेपणा करतोय असं वाटतं. मला तसं वाटत नाही.

मग डबा टाकून दिला का? नाही. तो आता आईकडं आहे.

आई ब्याऐंशी वर्षांची आहे. गेल्या वर्षापासून तिला विसर पडायला लागला. रक्तदाबाची गोळी सकाळी घेते, अर्ध्या तासानं पुन्हा घेते, कारण घेतल्याचं आठवत नाही. डिसेंबरात एकदा चक्कर येऊन मोरीच्या उंबऱ्यावर बसली. डॉक्टर म्हणाले, गोळ्या तिच्या हाती ठेवू नका. त्या रात्री मला पुन्हा ते चोविसावं वचन आठवलं. जीवनाच्या झाडाभोवती तलवार का? त्याच्या आधी देव म्हणतो, यानं आता हात पुढं करून त्या झाडाचंही फळ खाल्लं आणि हा सदासर्वकाळ जिवंत राहिला तर? मोडलेल्या अवस्थेत कायमचं अडकून राहू नये म्हणून तो पहारा. पहिल्या झाडाला कुलूप नाही तेही प्रेमानं, दुसऱ्याला आहे तेही प्रेमानंच, असं मी वाचतो.

मी आईला विचारलं. तिचं सकाळचं डोकं स्वच्छ असतं, तेव्हा विचारलं. डबा हातात दिला, कसा चालतो ते दाखवलं. तिनं झाकण दोनदा फिरवून बघितलं आणि म्हणाली, "लाव बाबा कुलूप. मला माझा भरवसा नाही राहिला, तुझा आहे."

तर या कामासाठी घेणाऱ्यांना सांगतो. डबा स्वतःहून रोज लागत नाही, प्रत्येक वेळी वेळ फिरवून दाबावं लागतं, तेव्हा घरात एक माणूस हवं. एका वेळी एकाच वेळेची गोळी आत ठेवा, बाकीचं पाकीट आपल्या कपाटात. सेल चांगल्या कंपनीचे घाला, दर महिन्याला बदला, संपायची वाट बघू नका. खिट्ट्यांच्या खाचेत साखर किंवा पीठ गेलं तर मोटर घुरघुरते, कोरड्या ब्रशनं साफ करा, तेल घालू नका. पाचपैकी तीन देतो. एक प्लास्टिकच्या खिट्ट्यांसाठी कापला, एक सेल संपल्यावर अडकतो म्हणून.

आई सकाळी आठच्या आधीच डब्याशेजारी खुर्ची ओढून बसते, हातात पाण्याचा पेला. आता धाकटाही तिच्याजवळ वही घेऊन बसतो. टिंग झालं की ती त्याला हाक मारते, "उघडला बघ रे," आणि तो झाकण काढून गोळी तिच्या तळहातावर ठेवतो.